शरीररचना आणि शरीरक्रिया: वर्गात करून बघण्यासारखं काय काय?

खडूफळा

नमस्कार मंडळी. आठवी ते दहावीला जीवशास्त्र शिकवते. मानवी शरीराचे धडे आले की वर्गात थर्मोकोलची हृदयं आणि मातीची मूत्रपिंडं यायला लागतात. टाचण्यांवर नावांच्या चिठ्ठ्या, रंगकाम चोख. निम्मी कामं घरच्या मोठ्यांची असतात, ते सोडा. पण त्याच हृदयाच्या मालकाला विचारावं, "डाव्या निलयाची, म्हणजे खालच्या कप्प्याची, भिंत उजव्यापेक्षा जाड का?" तर मान खाली. नावं तोंडपाठ, काम मात्र कोरं.

तर मला क्रिया शिकवणारे उपक्रम हवे आहेत. साहित्य साधं असावं, एका तासिकेत उरकावं आणि मुलांनी नुसतं बघत बसू नये.

माझ्याकडचा एक आधी देते. हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिली रक्त पुढे ढकलतं, मिनिटाला साधारण ७२ ठोके. दोन बादल्या घ्यायच्या, एकीत पाच लिटर पाणी, आणि ७० मिलीवर खूण केलेला पेला. एकाने टाळ्यांचा ठेका धरायचा, दुसऱ्याने दर टाळीला एक पेला या बादलीतून त्या बादलीत टाकायचा. अर्ध्या मिनिटातच हात भरून येतो, पाणी सांडतं, ठेका चुकतो, मागचे ओरडतात "मेला, मेला!" मग फळ्यावर गुणाकार: ७० × ७२ = ५०४०. म्हणजे अंगातलं जवळपास सगळं रक्त एका मिनिटात हृदयातून जातं. दिवसाचे सात हजार लिटरच्या वर.

आता तुमचे येऊ द्या.

---

प्रयोगवही

खडूफळा ताई, उपक्रम झकास. फक्त तो गुणाकार फळ्यावर तसाच सोडू नका, खरी गंमत त्याच्या पुढे आहे. मुलांना विचारा: मिनिटाला पाच लिटर तर तासाला तीनशे लिटर. हे रक्त पुढे जाऊन संपून जात असेल, तर शरीराला तासाला तीनशे लिटर नवं रक्त तयार करावं लागेल. आहे का हे शक्य? मग ते जातं कुठे?

इंग्रज वैद्य विल्यम हार्वेने १६२८ च्या पुस्तकात हाच हिशेब मांडला. त्याआधी प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेनचं मत चालत आलं होतं की रक्त यकृतात तयार होतं आणि अवयव ते वापरून टाकतात. हार्वेने ठोक्याचं माप मुद्दाम कमी धरलं, तरी अर्ध्या तासात शरीरातल्या एकूण रक्तापेक्षा जास्त भरलं. म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असणार. धमन्यांतून शिरांत ते कुठून जातं हे मात्र त्याला दिसलं नव्हतं. धमन्या आणि शिरा जोडणाऱ्या बारीक केशवाहिन्या इटालियन वैद्य माल्पिगीने सूक्ष्मदर्शकातून १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या. मुलांना हे फार आवडतं, की वाट दिसली नव्हती पण ती असलीच पाहिजे हे नुसत्या आकडेमोडीवरून सांगता आलं.

त्याच पुस्तकातला हाताच्या शिरांचा प्रयोग पाच मिनिटांत होतो. दोरी-बिरी बांधायची नाही. हात खाली सोडून मूठ उघडझाप करायची, शेजाऱ्याने दंड हलक्या हाताने धरायचा. मनगटाच्या वर शिरा फुगतात, मधे मधे बारीक गाठी दिसतात. त्या झडपा. आता एक बोट शिरेवर दाबून ठेवायचं आणि दुसऱ्या बोटाने तिथून कोपराच्या दिशेला पुढच्या गाठीपलीकडे रक्त सारायचं. वरचं बोट उचललं तरी मधला तुकडा रिकामाच राहतो, वरून रक्त परत येत नाही. खालचं बोट उचला, खालून टचकन भरतो. शिरेत रक्त एकाच दिशेने जातं हे यानंतर वेगळं पाठ करावं लागत नाही. सगळ्यांच्या शिरा दिसत नाहीत, चार-पाच हात सापडले तरी पुरे.

अवांतर: त्याच वेळी शिरेचा निळसर रंग दाखवून "रक्त निळं का?" विचारा. अर्धा वर्ग ठामपणे सांगतो की अशुद्ध रक्त निळं असतं. ही पुस्तकातल्या निळ्या रंगाची करणी. ऑक्सिजन कमी असलेलं रक्त गडद लाल असतं, त्वचेखालून शीर निळी भासते एवढंच.

---

मधली_सुट्टी

सगळं वाचायला छान आहे. पस्तीस मिनिटांची तासिका, वर्गात पन्नास मुलं, बादल्यांतलं पाणी पुसायचं कोणी? आणि परीक्षेत शेवटी "सुबक नामनिर्देशित आकृती काढा" हेच येणार. साहित्य नको, पसारा नको, बाकावर बसल्या बसल्या होईल असं काही असेल तर सांगा.

---

नाडी_बघतो

@मधली_सुट्टी, तुमची अट मान्य. व्यवसायाने डॉक्टर आहे, अधूनमधून शाळांत बोलायला जातो. माझं सगळं साहित्य म्हणजे समोर बसलेल्यांचे हात.

आधी विचारा, बोटं हलवणारे स्नायू कुठे असतात? उत्तर येतं, "बोटांत". मग डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा जाड भाग घट्ट धरायला सांगा आणि उजव्या हाताची बोटं पियानो वाजवल्यासारखी नाचवायला सांगा. मुठीखाली काहीतरी वळवळतं. स्नायू तिथे आहेत आणि त्यांचे टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, मनगटातून बोटांपर्यंत गेलेत. बोटांत म्हणावे असे स्नायू नाहीतच. वर्गात एकदम शांतता होते, मग सगळे एकमेकांचे हात धरायला लागतात.

लगेच पुढचा. तळहात बाकावर पालथा, मधलं बोट आत दुमडायचं, बाकीच्या बोटांची टोकं बाकावर टेकलेली. आता एकेक बोट उचला. अंगठा उचलतो, तर्जनी उचलते, करंगळीही उचलते. अनामिका ढिम्म. बोटं सरळ करणारा मोठा स्नायू चार बोटांना सामाईक आहे आणि त्याचे टेंडन हाताच्या मागच्या बाजूला आडव्या पट्ट्यांनी एकमेकांना बांधलेले आहेत. मधलं बोट दुमडलं की अनामिकेचा टेंडन त्याच्यासोबत अडकतो. तर्जनी आणि करंगळीला स्वतःचे जादा स्नायू आहेत, म्हणून त्या सुटतात.

तिसरा. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवून मनगट थोडं आत वाकवा. बहुतेकांच्या मनगटाच्या मध्यावर एक दोरी उठून दिसते. हा पाल्मारिस लाँगस नावाच्या स्नायूचा टेंडन. काहींच्या एका हाताला तो नसतो, काहींच्या दोन्ही हातांना नसतो, आणि नसला तरी पकडीत जाणवण्यासारखा फरक पडत नाही. ज्याच्याकडे नसतो तो आधी घाबरतो, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकावं. "पुस्तकातली आकृती ही सरासरी माणसाची असते" हे या एका दोरीमुळे जेवढं पटतं तेवढं माझ्या भाषणाने कधी पटलं नाही.

---

अर्धाकच्चा

शिक्षणशास्त्राचा विद्यार्थी आहे, सरावपाठ चालू आहेत. श्वसनाला सगळे करतात तेच केलं: बाटली, आत फुगा, बुडाला ताणलेलं रबर. रबर ओढलं, फुगा फुगला, टाळ्या पडल्या. नंतर विचारलं की छाती का फुगते, तर उत्तर: "हवा आत गेली म्हणून." म्हणजे जे शिकवायचं होतं त्याच्या बरोब्बर उलट. काय करावं?

---

नाडी_बघतो

बाटलीला भोक पाडा.

चेष्टा नाही. बाजूला एक भोक पाडून त्यावर चिकटपट्टी लावून ठेवा. रबर ओढा, फुगा फुगतो. आता पट्टी काढायच्या आधी वर्गाकडून लिहून घ्या: भोक उघडं ठेवून रबर ओढलं तर काय होईल? बहुतेक जण "फुगेल, थोडा कमी" लिहितात. पट्टी काढा, रबर ओढा. फुगा हलतसुद्धा नाही, हवा भोकातून आत येते. भोकावर बोट ठेवा, पुन्हा फुगतो. फुग्यात हवा कोणी भरत नव्हतं. बाटलीतली जागा वाढली, दाब कमी झाला, म्हणून बाहेरची हवा आत आली. छाती आधी फुगते, हवा नंतर येते.

छातीला आरपार जखम झाली की हेच होतं. फुप्फुस धडधाकट असूनही मिटतं. छातीच्या पोकळीतली हवा नळी घालून काढावी लागते, तेव्हा ते पुन्हा उघडतं. मुलं ही गोष्ट विसरत नाहीत.

---

प्रयोगवही

+१. आणि भोकाचा प्रयोग झाला की उरलेल्या वेळात एकच प्रश्न: "ही बाटली कुठे कुठे खोटं बोलते?" मुलांनाच शोधू द्या. माझ्या वर्गात निघालेल्या गोष्टी: बाटलीची भिंत कडक आहे, आपल्या बरगड्या वर-बाहेर उचलतात. फुगा पोकळ आहे, फुप्फुस स्पंजासारखं असतं, त्यात कोट्यवधी वायुकोश, म्हणजे हवेच्या सूक्ष्म पिशव्या, असतात. फुगा आणि बाटली यांच्यामध्ये बोटभर हवा आहे, पण फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यात नुसता द्रवाचा पातळ थर असतो. आणि रबर सुरुवातीला सपाट असतं, ओढलं की खाली फुगवटा येतो. रबर ज्याच्या जागी आहे ते श्वासपटल (छातीच्या तळाचा स्नायू) उलट आहे, आधी घुमटासारखं वर उचललेलं आणि आकुंचन पावलं की सपाट होणारं.

कुठलंही मॉडेल केलं की हा प्रश्न मी विचारतोच. बक्षीसपात्र थर्मोकोलच्या हृदयालाही. मॉडेल बनवण्यापेक्षा त्याच्यातलं खोटं पकडायला जास्त अक्कल लागते.

"आपण ऑक्सिजन घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो" हे वाक्यही याच वेळी निकालात काढा. उच्छ्वासाच्या हवेतही साधारण १६ टक्के ऑक्सिजन असतो, कार्बन डायऑक्साइड जेमतेम ४ टक्के. नाहीतर तोंडाने श्वास देऊन माणूस वाचला कसा असता? चुन्याच्या निवळीत नळीने फुंकून ती कार्बन डायऑक्साइडने दुधाळ करण्याचा प्रयोग सगळ्यांना माहीत आहेच. फक्त फुंकायचं, ओढायचं नाही हे दोनदा बजावा, आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या.

---

दुसरी_बाजू

मी शिक्षक नाही, पालक आहे, पण लिहिल्यावाचून राहवत नाही. मुलीच्या वर्गात एका तासाला सगळ्यांची वजनं घेऊन फळ्यावर लिहिली, आलेख काढायला. ती दोन दिवस शाळेत जायला तयार नव्हती. शरीर हा विषय मुलांच्या अंगावरच शिकवता येतो हे खरं, पण बारा-पंधरा वर्षांची मुलं आहेत, जरा बघून घ्या.

---

खडूफळा

दुसरी_बाजू, बरं झालं लिहिलंत. मी पाळते ते सांगते. वजन, कंबर, छातीचा घेर यांची तुलना वर्गात होत नाही. श्वासाबरोबर घेर किती वाढतो हे बघायचंच असेल तर टेप खालच्या बरगड्यांवर, स्वतःचा स्वतः लावायचा, आणि आकडा सांगायचा नाही, फक्त फरक. नाडीचे आकडे चिठ्ठीवर, नावाशिवाय. टोचून रक्तगट बघणं अजिबात नाही. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्याला उड्या मारायला लावायच्या नाहीत, त्याच्याकडे घड्याळ द्यायचं. खऱ्या हृदयाचं विच्छेदन असेल तर ज्याला नको असेल त्याला कारण न विचारता दुसरं काम.

मोठ्या कागदावर मुलाला झोपवून बाह्यरेखा काढण्याचा उपक्रम पुष्कळ जण करतात. मी बाह्यरेखा आधीच काढून आणते, म्हणजे कोणाच्या आकारावर शेरे नकोत. मग कागदी अवयव कापून "शिकवायच्या आधी" चिकटवायला देते. जठर हमखास बेंबीवर येतं, मूत्रपिंडं कमरेखाली, हृदय पार डाव्या काखेत. ते तसंच भिंतीवर ठेवायचं आणि धडा संपल्यावर दुसऱ्या रंगाने दुरुस्त करून घ्यायचं. जठर डाव्या बरगड्यांच्या आड, मूत्रपिंडं पाठीकडून शेवटच्या बरगड्यांच्या जवळ, आणि फुप्फुसाचं टोक गळपट्टीच्या हाडाच्याही वर जातं याचं त्यांना भारी आश्चर्य वाटतं.

---

शेवटचा_बाक

मूत्रपिंडाचं कोणीच काढलं नाही, म्हणून लिहितो. हा धडा "मूत्रपिंड म्हणजे गाळणी" या एका वाक्याने वाया जातो. मुलांना वाटतं घाण तेवढी गाळून बाहेर जाते. प्रत्यक्षात मूत्रपिंड आधी जवळपास सगळंच बाहेर टाकतं आणि मग हवं ते परत उचलतं. दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळला जातो आणि मूत्र होतं दीड लिटरच्या आसपास. बाकी सगळं परत रक्तात.

हे मण्यांनी करतो. एका डब्यात पाण्याचे निळे मणी भरपूर, साखरेचे पांढरे, क्षारांचे हिरवे, युरियाचे पिवळे, आणि रक्तपेशी म्हणून मोठ्या लाल गोट्या. प्रथिनांचेही मोठे मणी ठेवतो. गोट्या आणि मोठे मणी जाणार नाहीत पण छोटे मणी जातील अशा भोकांच्या चाळणीतून सगळं एका लांब खोक्यात ओतायचं. गोट्या आणि मोठे मणी वरच राहतात. मुलं म्हणतात, झालं. मी म्हणतो, आता खोक्यात पडलेलं सगळं बाहेर गेलं तर तासाभरात माणूस कोरडा पडेल, साखर गेली ती वेगळीच. परत घ्या.

खोक्याच्या कडेने पाच-सहा जण नेफ्रॉनची (मूत्रपिंडातल्या गाळण्याच्या सूक्ष्म घटकाची) नळी होऊन बसतात. खोकं एकेकापुढून सरकतं. पहिला सगळे पांढरे मणी उचलतो आणि बरेचसे निळेही, पुढचे हिरवे-निळे, शेवटचा उरलेल्यांतले निळे. शेवटच्याच्या कानात मी सांगतो, "आज माणसाने पाणी कमी प्यायलंय" किंवा "भरपूर प्यायलंय", आणि त्याप्रमाणे तो कमी-जास्त उचलतो. खोक्याच्या टोकाला पिवळे आणि थोडे निळे उरतात.

आता खरी मेख. पांढरे मणी उचलणाऱ्याला एका वेळी एकच मणी, आणि वेळ ठरलेला, समजा अर्धा मिनिट. पहिल्या फेरीत पांढरे मोजकेच असतात, सगळे उचलून होतात. दुसऱ्या फेरीत काही न सांगता पांढरे तिप्पट घालायचे. बिचारा जीव तोडून उचलतो, तरी वेळ संपतो आणि पांढरे मणी पुढे निसटतात, थेट मूत्राच्या डब्यात. वर्गाला विचारा, चूक कोणाची? कोणीतरी म्हणतंच, "त्याची नाही, साखरच जास्त होती." मधुमेहात मूत्रात साखर का उतरते त्याचं हेच उत्तर. साखर परत घेणाऱ्या वाहकांची क्षमता ठरलेली असते. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या पुढे गेली की ती निसटायला लागते. मूत्रपिंड बिघडलेलं नसतं.

आणि निसटलेली साखर पाण्यालाही सोबत ओढते, म्हणून लघवी जास्त, म्हणून तहान जास्त. तिसऱ्या फेरीत दर दोन पांढऱ्यांमागे एक निळा सोडून द्यायचा नियम घातला की तेही दिसतं.

---

मधली_सुट्टी

हे मात्र पटलं. मणी बाकावर मावतात. सांडले तर काय करायचं ते विचारणार होतो, पण सांडलेलं त्यांच्याकडूनच गोळा करून घेईन. चेतासंस्थेसाठी असं काही आहे का? पट्टी पकडायचा खेळ सोडून, तो सगळ्यांना येतो.

---

प्रयोगवही

पट्टीचा खेळ (एकाने उभी धरलेली पट्टी सोडायची, दुसऱ्याने पडताना बोटांत पकडायची) सोडू नका, पण तिथे सेंटिमीटरवर थांबू नका. पट्टी १५ सेंटिमीटरवर पकडली तर वेळ साधारण ०.१७ सेकंद, २० वर पकडली तर ०.२०. भौतिकशास्त्राच्या सरांकडून सूत्र घ्या. मग तोच प्रयोग पट्टी डोळ्यांनी न बघता, सोडणाऱ्याच्या "सोडली" या शब्दावर करा आणि कुठला वेळ कमी येतो याचा अंदाज आधी लिहून घ्या.

मोठा खेळ हवा असेल तर साखळी. वीसेक मुलं गोल उभी, डोळे मिटून, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. पहिला दाबतो, ज्याचा खांदा दाबला गेला तो पुढच्याचा दाबतो, फेरी पूर्ण झाली की घड्याळ बंद. मग तेच खाली बसून, हात पुढच्याच्या घोट्यावर. वेळ जास्त लागतो, कारण घोट्यापासून मेंदूपर्यंतची वाट खांद्यापासूनच्या वाटेपेक्षा दर मुलामागे साधारण मीटरभर लांब. वीस मुलांचे वीस मीटर भागिले दोन फेऱ्यांच्या वेळांतला फरक, की चेतेतून संदेश जाण्याचा वेग मिळाला.

जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५० च्या सुमाराला बेडकाच्या चेतेवर हा वेग मोजला तेव्हा लोक चक्रावले होते. त्याचे गुरू म्युलर यांना हा वेग मोजताच येणार नाही असं वाटायचं.

---

नाडी_बघतो

सर, आदर ठेवून एक शंका. स्पर्शाचा वेग सेकंदाला ५० मीटर धरला तर वीस मीटरला लागतात ०.४ सेकंद. पोरं एका फेरीत खिदळण्यातच तेवढा वेळ घालवतात. उत्तर कधी १५ येईल, कधी उणे.

---

प्रयोगवही

उणे येतंच, आणि तेव्हाच तर शिकवायला मजा. साखळी न थांबता पाच-सहा वेळा गोल फिरू द्यायची, म्हणजे फरक दोन-अडीच सेकंदांचा होतो आणि घड्याळाची चूक त्यात बुडते. आधी दोन-तीन फेऱ्या सरावाच्या, त्या मोजायच्या नाहीत. तरी उत्तर २० ते ८० मध्ये कुठेही येईल. वीज तारेतून जाते तसं हे जात नाही, बरंच हळू जातं, एवढं दिसलं की माझं काम झालं.

---

अर्धाकच्चा

भोकाची बाटली झाली, अंदाज लिहून घेतले. आता तीन झटपट प्रश्न, पचन आणि ज्ञानेंद्रियं उद्यापासून आहेत. १) लहान आतड्यासाठी सहा मीटरची दोरी आणि "टेनिस कोर्टाएवढं क्षेत्रफळ" चालेल ना? २) जिभेचा नकाशा करून घेऊ का? ३) लाळेचा प्रयोग सगळ्यांकडून करून घ्यावा का?

---

नाडी_बघतो

१) दोरी चालेल, पण सहा मीटर हे मृत शरीरातलं, सैल पडलेलं माप. जिवंतपणी स्नायूंच्या ताणामुळे बरंच आखूड असतं. टेनिस कोर्ट सोडून द्या. २०१४ मध्ये नव्याने मोजलं तेव्हा सगळ्या पचनमार्गाचं मिळून तीसेक चौरस मीटर आलं, म्हणजे बॅडमिंटनचं अर्धं कोर्टही भरत नाही. तेवढी चौकट खडूने जमिनीवर आखा, तरी मुलं तोंडात बोटं घालतात.

२) नकाशा करून घ्या, तो मोडण्यासाठी. गोड टोकावर आणि कडू मागे हे १९०१ च्या एका जर्मन प्रयोगाच्या आलेखाचा चुकीचा अर्थ लावून पसरलेलं आहे. सगळ्या चवी चवकलिका (चव ओळखणारे सूक्ष्म अवयव) असलेल्या सगळ्या भागांत कळतात. प्रत्येकाला स्वतंत्र कापसाची काडी, आणि एकदा वापरलेली काडी द्रावणात परत नाही.

---

शेवटचा_बाक

३) प्रत्येकाने फक्त स्वतःची लाळ हाताळायची, भांडी लगेच निर्जंतुक द्रावणात. ते जमणार नसेल तर तयार अमायलेज, म्हणजे लाळेतलं पिष्ट पचवणारं विकर (एन्झाइम), आणा. आयोडीनने पिष्ट निळं होतं, पचलं की होत नाही. तीन परीक्षानळ्या करा: पिष्ट नुसतं, पिष्ट आणि लाळ, पिष्ट आणि उकळलेली लाळ. तिसरी निळीच राहते, विकर उष्णतेने निकामी होतं म्हणून, आणि मुलांचा अंदाज तिथेच चुकतो. नळ्या कोमट पाण्यात ठेवा, ३७ अंशांच्या आसपास, नाहीतर तास संपला तरी दुसरीचा निळा रंग जात नाही. दर मिनिटाला एकेक थेंब पांढऱ्या फरशीवर काढून त्यावर आयोडीन टाकलं तर हळूहळू फिकट होत जाणारी ओळच मिळते.

आयोडीनचे डाग पडतील, गणवेशावर हमखास. क जीवनसत्त्वाची गोळी पाण्यात विरघळवून चोळली की जातात. फक्त ते पाणी प्रयोगाच्या टेबलापासून लांब ठेवा. एक थेंब जरी नळीत पडला तर निळा रंग आपोआप उडेल आणि पोरं म्हणतील पिष्ट पचलं.